अप्पांनी पडदा बंद केला तेव्हा

वीरभद्रअप्पांची आणि माझी पहिली भेट बंधाऱ्यावर झाली. अर्धापूरहून येऊन मी नियंत्रण कक्षात रुजू झाले त्या सकाळी थेट स्क्रीनसमोर बसले होते. विजेचे काम पाहणारे अप्पा आले आणि म्हणाले, "ताई, आधी बंधाऱ्याच्या दारांपर्यंत चालून या. इथं दिसतंय ते किती लांबून येतं, ते पायाला कळू द्या." मी गेले. उन्हात ते अंतर चांगलेच कळले.

तेवढ्या अंतरावरून दोन कॅमेऱ्यांची चित्रे, एक दारांपुढच्या पात्राचे आणि एक जलाशयाचे, एकाच केबलने येत. ती केबल अप्पांनीच ओढली होती. चित्रे वाहून आणायची तिची ताकद ठरलेली, ती दोन पडद्यांत कशी वाटायची हे त्यांनी मला असे शिकवले : "पाट एकच हाय. वरच्यानं दांडगाईनं पाणी ओढलं की खालच्याचं वावर कोरडं."

एका पावसाळ्यात बंधारा पाहायला पाहुणे आले. त्यांच्या दालनात जलाशयाचे दृश्य दाखवणारा मोठा पडदा लावला होता. केबलमधला त्याचा वाटा कमी ठेवा, असे अप्पांनी बजावले होते. पण चित्र ठसठशीत दिसावे म्हणून कोणीतरी तो परस्पर वाढवला.

त्याच दिवशी अकरा वाजता दरवाजे उघडायचे होते. पाणी इशाऱ्याच्या रेषेपासून चार बोटे खाली. भोंगा वाजवून झाला होता. माझ्या स्क्रीनवर खालचे पात्र मोकळे दिसत होते. मी बटनाकडे हात नेला.

"ताई, हात काढा!" मागून अप्पा ओरडले. "चित्राच्या कोपऱ्यातलं घड्याळ थांबून राहिलंय. हे चित्र आत्ताचं न्हाई."

ते धावतच दालनात गेले आणि मोठ्या पडद्याची वायर त्यांनी उपटली. पाहुण्यांसोबतचे साहेब गरजले, "कोणी बंद केलं?"

"मी केलं, साहेब. दारापुढचं दिसंना झालंय."

इकडे माझ्या स्क्रीनवरचे चित्र हलले. पात्रातल्या खडकावर एक म्हातारे बाबा अडून बसलेल्या गाईचे दावे ओढत होते. जलाशयाची पातळी पाहणाऱ्या अधिकाऱ्यांचा फोन वाजला : "उघडलं का? वर पाणी वाढतंय!"

"नाही साहेब. पात्रात माणूस आहे," मी म्हणाले.

परत येऊन अप्पांनी दारांवरच्या कर्ण्याचा ध्वनिक्षेपक उचलला. "बाबा, दावं सोडा! गाय येती मागं! तुम्ही निघा!"

बाबा सोडेनात. चार बोटांची तीन झाली, मग दोन. अप्पा तेच पुन्हा सांगत राहिले, शिवी न देता, घाई न दाखवता. शेवटी दावे सुटले. बाबा काठाकडे निघाले आणि गाय खरोखरच त्यांच्या मागे आली. दोघे काठावर चढल्यावरच मी दरवाजे उघडले. अप्पांनी माझ्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला.

त्यांच्याकडून खुलासा मागवला गेला. त्यांनी लिहिले : "पडदा मी बंद केला. दरवाजे थांबवायलाही मीच सांगितले." माझे नाव त्यात कुठेच नव्हते. पुढे साहेबांनीच नियम केला : आधी दारांचे चित्र, उरेल ते पाहुण्यांना.

आता साठी पूर्ण करून अप्पा देवणीला, आपल्या गावी राहतात. केबलने दगा दिला की आम्ही आजही त्यांनाच फोन लावतो, आणि ते नातवाला मांडीवरून उतरवून आधी आमचे ऐकतात. त्यांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, आणि आमच्या फोनला पलीकडून "बोला ताई" हे उत्तर आणखी कितीतरी पावसाळे मिळत राहो.