फक्कीचं घर

गावठाण वाढवायचं ठरलं तेव्हा पूर्णेजवळच्या एका गावात मी मोजणीला गेलो होतो. माळावर आम्ही पांढऱ्या फक्कीनं प्लॉट आखले आणि जेवायला गेलो. परत येतो तर एका प्लॉटात एक म्हातारा बाज टाकून बसलेला. प्लॉट अजून कुणालाच दिले नव्हते. जुन्या घरात लय दाटी झाली, म्हणाला. उरलेल्या फक्कीनं त्यानं आत देवघर आणि स्वयंपाकघर आखलं होतं, पुढं दाराएवढी जागा सोडली होती.

मी टेप घेऊन सरळ आत शिरलो. तो वैतागला. "साहेब, भिंतीतून काय यायलात? दार हाय की."

मी मागं फिरून दारातून आलो. शिवाय मान वाकवून आलो, का ते देव जाणे.

तेवढ्यात आमच्या मोठ्या साहेबांनी नकाशा बघून रस्ता थोडा सरकवला. तो नेमका म्हाताऱ्याच्या स्वयंपाकघरातून निघाला. आता हा भांडणार, म्हणून मी टेप गुंडाळायला लागलो.

म्हाताऱ्यानं बराच वेळ चुलीच्या जागेकडं बघितलं.

"न्या रस्ता," तो म्हणाला. "पर इथून जाताना चपला काढायच्या."

रस्त्याची रेघ मी अनवाणी ओढली. साहेबही पलीकडं गेले ते बूट हातात घेऊन.