न हलणारं चित्र

बाळांनो, तुमच्या बाबाने यंदा तुमच्याऐवजी कॅमेरा पाठवला. मुठीत मावेल एवढा, व्हिडिओ घेणारा. पाठोपाठ फोन आला. "आई, या दिवाळीला जमत नाही. तू घर, फराळ, सगळं शूट करून पाठव. मुलांना आल्यासारखंच वाटेल."

मला तसं मुळीच वाटलं नाही.

मी इंग्रजी शाळेत शिकलेली, म्हणून माहितीपुस्तिका पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. तुमच्या आजोबांनी खडकीच्या कारखान्यात आयुष्यभर माल तपासून पास-नापास केला. त्यांनी चष्मा लावून तपासणी सुरू केली.

"वजनाला हलका आहे," ते म्हणाले.

"खेळणीही हलकीच असतात."

"लांबचं जवळ दिसतं."

"मग त्यात नातवंडं दिसतात का, बघा."

बटणं मुंगीच्या बोटांसाठी केलेली. बॅटरी एक घाणा तळून होण्याआधीच मान टाकते. आमच्या धायरीच्या गॅलरीत ऊन आलं की त्याच्या पडद्यावर स्वतःचाच चेहरा दिसतो. एक गुण मात्र मलाही मान्य करावा लागला. चित्र हलत नाही. फोनवर घेतलेलं हलायचं, आणि बाबा म्हणायचा, "आई, नीट धर की."

नीट कसा धरणार? गणपतीपासून माझा उजवा हात थरथरतो. डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत. दिवाळीला तुम्ही याल तेव्हा बाबा बघेलच, असं ठरवून मी फोनवर काही बोलले नव्हते.

गॅलरीतली तुळस, चकल्या आणि पेपर वाचणारे आजोबा असं सगळं घेऊन पाठवलं. बाबा खूश झाला. "काय स्थिर हात आहे गं तुझा. एकदम ठणठणीत आहेस. मग आता पुढच्या उन्हाळ्याचं बघू, निवांत."

त्या यंत्राचा एकुलता एक गुणही संपला. पुढच्या उन्हाळ्यात माझ्या हातात वाटी तरी राहील का, हे डॉक्टरही सांगत नाहीत.

"अहो, हा कॅमेरा थरथर सावरून घेतो, ते बंद करता येतं ना?"

"पुस्तिका तू वाचली आहेस."

"वाचली आहे. बटण दिसत नाही."

त्यांनी पेन्सिलीच्या टोकाने ते बंद केलं. "चित्र खराब येईल."

"येऊ दे."

तीच तुळस, तीच गॅलरी पुन्हा घेतली. खड्ड्यांतून रिक्षा जावी तशी तुळस हिंदकळत होती. तशीच पाठवली.

संध्याकाळी बाबाचा फोन. "आई, कॅमेरा बिघडला का?"

"कॅमेऱ्याला काही झालेलं नाही."

फोनवरच त्याने तो व्हिडिओ पुन्हा लावला. मग म्हणाला, "कधीपासून?"

"गणपतीपासून."

"आणि मला आत्ता कळतंय?"

"तू येणार होतास."

त्याने फोन आजोबांना द्यायला सांगितला. मी स्वयंपाकघरात गेले, पण ऐकू येत होतं. "हो, दाखवलंय डॉक्टरांना. रिपोर्ट पाठवतो. पण फोनवर किती सांगू? तू ये."

तुम्हा सगळ्यांची तिकिटं काढल्याचं काल कळलं. दिवाळी होऊन गेलेली असेल, चकल्या मऊ पडल्या असतील, त्या तशाच खायच्या. कॅमेरा खोक्यात बांधून ठेवला आहे, जाताना घेऊन जा. इथे असेपर्यंत कुणीही तो माझ्यासमोर धरायचा नाही. आणि मी दोन्ही हातांनी चहाचा कप उचलेन, तेव्हा टक लावून बघत बसू नका. आपापला चहा प्या.