चौकटीआड गेलेला काळा

ऑफिसात तिला झडतीताई म्हणत. तोंडावर नाही, पण तिला ते ठाऊक होतं, कारण आपल्या पाठीमागे कोण काय बोलतं याचा छडा लावल्याशिवाय तिला घास गोड लागत नसे. टेबलाच्या खणाला तिचं स्वतःचं कुलूप होतं. पाणी प्यायला उठली तरी संगणकाचा पडदा बंद करून जायची. कुणी आपणहून गोड बोललं की याचं आपल्याकडे काय काम निघालं असेल, हे ती आधी शोधत बसे आणि बहुतेक वेळा काहीतरी काम निघतही असे. त्यामुळे स्वभाव बदलायची तिला कधी गरजच वाटली नाही.

ती रंग बनवणाऱ्या कंपनीत होती. कंपनीची दुकानं होती, दुकानांत संगणक होते, आणि त्या संगणकांवर उघडणाऱ्या खिडक्या ही बाई बांधायची. गिऱ्हाईक शेडकार्डावरची एक छटा दाखवतं. दुकानातला मिसळणारा ती संगणकात शोधतो. खिडकी उघडते आणि तिच्यात ओळीने लिहिलेलं असतं, की मूळ पांढऱ्यात कुठला गडद रंग किती घालायचा. मिसळणारा यंत्राचा एकेक दांडा ओढतो, तेवढाच रंग डब्यात पडतो, झाकण लावून डबा घुसळला की भिंतीचा रंग तयार.

आता खिडकी म्हटली की तिचे दोन हिस्से असतात. एक बाहेरची चौकट, म्हणजे वरची नावाची पट्टी आणि बाजूच्या कडा. ही चौकट संगणक आपल्या मर्जीने काढतो. दुसरी आतली मोकळी जागा, जिथे आपला मजकूर मांडायचा. झडतीताई बाहेरच्या चौकटीचं माप ठरवून टाकायची. त्यातून नावाची पट्टी वजा केली की आत किती उरतं, हे तिने आपल्या संगणकावर मोजलं होतं आणि तेवढ्यात रंग मिसळायची सगळ्यात लांब कृतीही अगदी शेवटच्या ओळीपर्यंत बसवली होती. मग तिने खिडकी कुलूपबंद करून टाकली. कोपरा धरून ओढायची सोय काढली, मजकूर वरखाली सरकवायचा स्क्रोलबार काढला, अक्षरं लहानमोठी करायची मुभाही काढली. माणसाच्या हाती कोपरा दिला की तो ओढणार, आणि ओढला की बिघडवणार, असं तिचं पक्कं मत होतं.

शेजारच्या टेबलावर नवा आलेला एक दाढीवाला होता. तो एकदा मागून डोकावून म्हणाला होता, "ताई, बाहेरचं माप नका ठरवू. आतली जागा किती हवी ते सांगा, चौकट आपसूक तिच्याभोवती बसते. प्रत्येक मशीनवर पट्टी सारखी नसते."

"तुम्ही तुमचं काम करा," ती म्हणाली. त्याचा आपल्या खुर्चीवर डोळा आहे, हे तिने त्याच क्षणी ठरवून टाकलं. त्या दिवसापासून ती खणाला कुलूप लावल्यावर दोनदा ओढून बघू लागली.

साऱ्या जगात तिचा विश्वास होता तो एका माणसावर, तिच्या मामावर. वडील गेल्यावर त्यानेच तिला वाढवलं. तो घरं रंगवायचा. शिडीवर चढून, डोक्याला फडकं बांधून त्याने लोकांच्या भिंती रंगवल्या आणि भाचीला शिकवलं. शिडी झेपेनाशी झाली तेव्हा भाचीने साहेबांकडे शब्द टाकला आणि मामा कंपनीच्या दुकानात रंग मिसळायला लागला. मामाचं घर त्या पगारावर चालत होतं.

आणि एके दिवशी साहेबांनी तिला आत बोलावलं.

"तुमचे मामा आहेत म्हणून आधी तुम्हाला विचारतो," ते म्हणाले. "त्यांच्या दुकानातून तक्रारी येताहेत. राखाडी मागितला तर फिकट निळा मिळतो. सगळ्याच छटा नाही, काहीच. आणि गंमत बघा, बाकीचे रंग संपतात, काळा मात्र बराच शिल्लक राहतो. त्या छटांत ते काळा घालतच नाहीत."

"विसरत असतील."

"प्रत्येक वेळी काळाच विसरतील? समोरच्या गल्लीत नवं रंगाचं दुकान निघालंय, ते त्यांच्या जुन्या जोडीदाराचं आहे म्हणे. आपलं गिऱ्हाईक तिकडे वळावं म्हणून कुणी मुद्दाम करत असेल, तर मला त्यांना घरी बसवावं लागेल. म्हणून विचारतो, तुमच्या खिडकीत तर काही चूक नाही ना?"

ती घाबरली. पण खरं सांगायचं तर मामासाठी नव्हे. आपण शब्द टाकलेला माणूस असा निघाला तर आपल्याबद्दल काय बोललं जाईल, याची तिला धास्ती वाटली. तिला आठवलं, गेल्या रविवारी ती मामाकडे गेली तेव्हा त्याने हातातलं काहीतरी घाईने खिशात सरकवलं होतं. त्याआधी दुकानात डोकावली तर काउंटरजवळ येऊच दिलं नाही. "धूळ आहे, घरी ये," म्हणाला. फोनवरही हल्ली तो दुकानाचा विषय निघाला की हवापाण्यावर बोलू लागे. कुठेतरी पाणी मुरत होतं. इतके दिवस हे आपल्या नजरेतून सुटलं कसं, याचाच तिला राग आला.

"खिडकीत चूक नाही," ती म्हणाली. "बाकी सगळ्या दुकानांत तीच खिडकी आहे. तुम्ही माणसाचीच चौकशी करा. माझा मामा आहे म्हणून हात आखडू नका."

साहेब चकित झाले, पण त्यांचं काम सोपं झालं होतं. संध्याकाळपर्यंत मामाला निरोप गेला, चौकशी होईपर्यंत दुकानात यायचं नाही.

मामाने तिला फोन केला नाही. रागावला नाही, विनवण्या नाहीत, काहीच नाही. निर्दोष माणूस गप्प बसतो होय? असं तिने स्वतःला विचारलं. मग तिला साहेबांचाच संशय आला. समोरच्या दुकानाची बातमी त्यांना कुणी पुरवली? दुकानात काउंटरवर बसणाऱ्या बाईने? त्या बाईला मामाची जागा आपल्या कुणासाठी हवी असेल तर? असं करत करत तिने घरबसल्या अर्ध्या कंपनीला आरोपी केलं आणि दुसऱ्या दिवशी, पुरावा आपल्या हातांनी गोळा करायचा म्हणून, न सांगता दुकानात जाऊन धडकली.

काउंटरवरची बाई पावती फाडत होती. "तुम्ही त्यांच्या भाची ना?" ती म्हणाली. "बसा. त्यांच्या संगणकाला मी हात नाही लावला, ते गेले तसाच आहे."

मामाच्या स्टुलावर रंगांचे वाळलेले ठिपके होते. झडतीताईने ते फडक्याने पुसलं आणि बसली. एक राखाडी छटा शोधली, खिडकी उघडली.

खिडकी तिचीच होती, पण तिला ओळखू येईना. वरची नावाची पट्टी जाडजूड झाली होती, छटेचं नाव दुकानाच्या पाटीसारखं ठळक दिसत होतं. आतली अक्षरं मात्र तेवढीच बारीक. तिने ओळी वाचल्या. पिवळा, तपकिरी, निळा, तांबडा, हिरवा. त्याखाली खिडकीची कड. काळा नव्हता.

तिने दुसरी छटा काढली. तिची कृती लहान होती. काळा व्यवस्थित दिसत होता. पुन्हा लांब कृती काढली, पुन्हा काळा गायब. कृती लिहिणारे काळा नेहमी सगळ्यात शेवटी लिहीत. तिने कोपरा धरून खिडकी खाली ओढायचा प्रयत्न केला. कोपरा हलला नाही. तो हलू नये अशी व्यवस्था तिनेच केली होती.

"ही पट्टी एवढी मोठी कुणी केली?" तिने विचारलं.

"मीच केली," बाई म्हणाली. "त्यांना वाचता येईना हो. म्हणाले, अक्षरं मोठी करून दे. मी संगणकावरची सगळी अक्षरं मोठी केली, बाकी सगळं मोठं झालं, तुमच्या खिडकीतलं तेवढं होईना. मग बिचारे भिंग लावून वाचायचे. मोतीबिंदू आहे दोन्ही डोळ्यांत. कुणाला सांगू नकोस म्हणाले होते. भाचीला तर मुळीच नको."

झडतीताई त्या कडेकडे बघत राहिली. बाहेरचं माप तिने बांधून टाकलेलं. वरची पट्टी फुगली, तेवढी आतली जागा आक्रसली, आणि तळाची ओळ चौकटीआड गेली. कुणी काही लपवलं नव्हतं, कुणी काही चोरलं नव्हतं. दाढीवाल्याने हे तिला सरळ मराठीत सांगितलं होतं. तिला स्वतःची इतकी लाज वाटली, की ती त्या बाईशी नजर मिळवू शकली नाही.

ती तशीच ऑफिसात गेली. साहेबांना सगळं सांगितलं, चूक माझी आहे हेही सांगितलं. मग दाढीवाल्याच्या टेबलाशी जाऊन म्हणाली, "ते चौकटीचं दाखवा मला." त्याने दाखवलं, आणि वर एक अक्षर बोलला नाही. तिने आतल्या जागेचं माप ठरवलं, चौकट तिच्याभोवती आपोआप बसू दिली, अक्षरं मोठी करायची मुभा दिली, कोपरा मोकळा सोडला. आपण याला उगाच चोर ठरवलं, हे तिच्या ओठांवर आलं होतं. पण तेवढं तिच्याच्याने झालं नाही.

मामा घरी खिडकीपाशी बसला होता. भिंग मांडीवर होतं. आता लपवायचं कारण उरलं नव्हतं. मामी चहा ठेवून आत गेली.

"मामा, तुझी काही चूक नव्हती," ती म्हणाली, आणि तिने त्याला चौकट, पट्टी, तळाची ओळ, सगळं समजावून सांगितलं. "साहेब म्हणालेत, या म्हणून."

मामाने सगळं ऐकून घेतलं. "मला छटा जरा उजळ वाटायची," तो म्हणाला. "पण वाटलं, डोळेच नासलेत, रंगाला कशाला बोल लावू? हयातभर भिंती रंगवल्या, आणि स्वतःच्याच नजरेचा भरवसा राहिला नाही. तुला कळलं असतं तर तू काम सोडायला लावलं असतंस."

"लावलं असतं."

"मग? म्हणून नाही सांगितलं." त्याने चहाचा घोट घेतला. "साहेबांनी मला घरी बसवलं, त्याआधी तुला विचारलं असेल ना?"

तिला खोटं बोलता आलं असतं. साहेब सांगायला येणार नव्हते, मामाला कधी कळलंही नसतं. पण आजवर ज्या एका माणसाशी ती खोटं बोलली नव्हती, तो समोर बसला होता.

"विचारलं होतं," ती म्हणाली. "मीच म्हणाले, खिडकीत चूक नाही, माणसाची चौकशी करा. तुझी."

बाहेर कुणीतरी सायकलची साखळी चढवत होतं, त्याचा आवाज येत राहिला. मामाने भिंग उचलून शर्टाच्या टोकाने पुसलं, नीट दोन्ही बाजूंनी.

"लहानपणी मीच सांगायचो तुला, कुणावर चटकन विश्वास टाकू नकोस म्हणून," तो म्हणाला. "पण त्यात मी मला धरलं नव्हतं गं."