जुडीभर माठ, मूठभर भाजी

लग्नाला वर्षही झालं नव्हतं, तेव्हा बायकोला कावीळ झाली. रोह्यात एका खोलीत आम्ही दोघंच राहायचो. डॉक्टर म्हणाले, "तेल बंद, तूप बंद, मासळी बंद. साध्या भाज्या, मऊ भात. आणि पोटात काहीतरी जाऊ दे, अंगात त्राण उरलेलं नाही." हे ते माझ्याकडे बघून म्हणाले. मी जबाबदार माणसासारखी मान डोलावली. भाजी करतात कशी ते सोडाच, खातात कशी हेही मला धड ठाऊक नव्हतं.

माझं गाव पेणजवळ, खाडीच्या काठाला. घरातले सगळे मिठागरात राबणारे. जेवण म्हणजे भात आणि मासळी. भाजी फक्त आजारी माणसाला वाढतात, अशी माझी लहानपणापासूनची समजूत. बायको रोह्याच्या आतल्या गावातली, भात आणि वाल पिकवणाऱ्या घरची. ती रोज एक भाजी करायची आणि मी ती पाहुण्यासारखी ताटाच्या कडेला बसवून ठेवायचो.

कंपनीत सांगून सेकंड शिफ्ट मागून घेतली, म्हणजे सकाळ मोकळी. बाजारातून लाल माठाची भलीमोठी जुडी आणली, धुतली, चिरली, पातेल्यात कोंबली. ढीग पार काठाच्या वर आला. त्या ढिगाच्या मानानं मीठ घातलं. मिठाच्या बाबतीत हात आखडायची आमच्याकडे पद्धत नाही. थोड्या वेळानं झाकण काढून बघतो, तर तळाशी मूठभर काहीतरी दडून बसलेलं.

बायकोनं एक घास घेतला आणि डोळे मिटून घेतले.

"अहो, मिठागर रोह्याला हलवलंत काय?"

मी हसलो, ती हसली नाही. ताट बाजूला सारून भिंतीकडे तोंड करून झोपली. हातातल्या बांगड्या घसरून कोपरापर्यंत गेल्या होत्या. लग्नात त्या मनगटावर चढता चढत नव्हत्या. ही अशीच उपाशी राहिली तर काय, या विचारानं कामावर माझं लक्ष लागेना.

मात्र चूक माझी असेल असं मला काही वाटलं नाही. दुसऱ्या सकाळी थेट भाजीवालीपुढे जाऊन उभा राहिलो.

"काय गो मावशे, जुडी आतून पोकळ दिलीस काय? शिजवली तर मूठभर झाली!"

तिनं शेजारणीला हाक मारली, "ऐकलंस काय गो? माठ बसला म्हणून तक्रार घेऊन आलाय हा!" दोघी पदर तोंडाला लावून हसल्या. "घरात बाई नाय काय तुझ्या?"

"हाय. कावीळ झालीय. काय खात नाय."

हसणं थांबलं. तिनं दुधी निवडून माझ्या पिशवीत घातला.

"हे बघ, पाणी घालू नको. भाजीचं पाणी भाजीला पुरतं. वर झाकणीत पाणी ठेव नि आच बारीक कर. मीठ शेवटाला, भाजी बसली की. नि मुठीनं नाय रं, चिमटीनं!"

त्या दिवसापासून मी चिमटीनं जगायला लागलो. दुधीत मूठभर मूगडाळ, नुसतं भाजलेलं जिरं. पडवळ, घोसाळं. बायको खाटेवरून हुकूम सोडायची.

"शिराळ्याच्या शिरा काढल्यात काय?"

"त्या काढायच्या असतात?"

"नायतर नाव कशाला ठेवलंय ते?"

तरी तिला दोन घासांच्या पुढे तिसरा घास जात नव्हता. घरात मासळीच्या वासानंसुद्धा तिला मळमळायचं, म्हणून मीही तेच जेवू लागलो. सुरुवातीला पाण्याबरोबर गिळायचो. मग चव बघण्याच्या निमित्तानं एक चमचा. दुधीला मुळात एक हलका गोडवा असतो, तो मला सव्विसाव्या वर्षी कळला. हळूहळू चव दोनदा बघायला लागायची. मग मीठ नीट लागलंय ना, म्हणून तिसऱ्यांदा.

एका दुपारी, कामावर निघायच्या आधी, लाल भोपळ्याच्या फोडी सालासकट वाफवल्या, वर जिरं आणि बोटाएवढा गूळ. तिला वाढून मी स्टोव्हपाशी बसलो. खाटेवरून ताटलीचा आवाज आला.

"हाय काय अजून?"

इतक्या दिवसांत हे पहिल्यांदा. मी आनंदानं उठलो, पातेल्यात डाव घातला, तो खणकन् तळाला लागला.

"काय झालं?"

"चव बघत होतो."

"आख्खी?"

मी पातेलं तिरकं करून दाखवलं. आधी तिला खरं वाटेना. मग ती पोट धरून हसली, खोकली, पुन्हा हसली. डोळे अजून पिवळेच होते.

"बसा मग विळीवर. भूक लागलीय मला."

अर्धा भोपळा शिल्लक होता. तो चिरेपर्यंत कंपनीची बस निघून गेली.