काचेवर एकतीस, पोटाखाली एकवीस

मुलगी पुण्याला शिकायला गेली आणि जाताना तिचा गेको माझ्या गळ्यात मारून गेली. गेको म्हणजे आपल्या पालीचा परदेशी नातलग, पिवळ्या अंगावर बिबट्यासारखे काळे ठिपके. मी जन्मभर पालींच्या मागे झाडू घेऊन धावलेली बाई, आता काचेच्या पेटीतल्या एकाला चिमट्याने अळ्या भरवू लागले. हात मात्र लावत नव्हते. "आई, तो जगला पाहिजे," एवढंच ती बसमध्ये चढताना म्हणाली होती.

डिसेंबरात त्याने खाणं सोडलं. गेको शेपटीत चरबी साठवतो आणि उपासात तिच्यावर भागवतो. त्याची बोटाएवढी शेपटी बघता बघता पेन्सिलीएवढी झाली. मुलगी रोज फोनवर विचारायची, "तापमान किती?" मी काचेला चिकटवलेली तापमापकाची तबकडी बघून सांगायचे, "एकतीस." पेटीखालच्या हीट मॅटचा प्लग मी केव्हाच काढून ठेवला होता, हे मात्र सांगत नव्हते. सोलापुरात राहून ऊब काय विजेवर आणायची? शिवाय तीस वर्षं कॉलेजात फिजिक्स शिकवलेल्या मला तापमान कोण शिकवणार?

शिकवलं शेजारच्या काकांनी. त्यांची उभी हयात चादरीच्या कारखान्यात सूत रंगवण्यात गेली. घरात तेलुगू, आमच्याशी सोलापुरी. पेपर न्यायला आले आणि पेटीपाशी वाकले.

"म्याडम, हे लई वाळलंय की. गरमी किती हाय?"

"एकतीस. बघा ना, काचेवर आहे."

"काचेवर? आवो, हौदाच्या काठाला मोजून रंग चढत न्हाय. सूत जितं बुडतंय तितंच मोजावं लागतंय. हे कुटं झोपतंय, तितं मोजा की."

मला संताप आला. वरवर हसले, पेपर दिला, आणि ते जाताच तणतणत सात रस्त्यावरच्या शोभेच्या माशांच्या दुकानात गेले. वायरच्या टोकाला धातूची कांडी असलेला तापमापक आणला. आधी बर्फ कुटून पेल्यात थोड्या पाण्यात भरला आणि कांडी त्यात बुडवली. आकडा शून्याच्या अगदी जवळ थांबला, म्हणजे यंत्र खरं बोलत होतं. मग कांडी हळूच गेकोच्या पोटाखाली सरकवली. तो हललासुद्धा नाही.

एकवीस.

तबकडीवर एकतीस, कारण पश्चिमेच्या खिडकीतलं ऊन थेट तिच्यावर पडत होतं. पेटी शहाबादी फरशीवर, आणि फरशी त्याच्या पोटातली ऊब शोषत होती. मी खुर्चीत बसून राहिले. मला स्वतःची अतोनात लाज वाटली.

पेटी लाकडी स्टुलावर ठेवली. एका टोकाखाली मॅट लावली, तिच्यावर पेटीत ठेवलेल्या दगडाला मॅट आपोआप चालू-बंद करणाऱ्या नियंत्रकाची कांडी चिकटवली. दगड बत्तीसवर स्थिरावल्यावर मी दुसरी कांडी बोटाबोटाने सरकवत गेले. बत्तीस, तीस, सत्तावीस, दुसऱ्या टोकाला पंचवीस. दीड हाताच्या पेटीत फाल्गुन ते कार्तिक सगळे महिने पसरले होते. संध्याकाळी तो उठला, चार पावलं चालला, थांबला, आणखी चालला आणि बरोबर बत्तीसवर पोट टेकून त्याने डोळे मिटले. अंगात स्वतःची शेगडी नाही, हातात यंत्र नाही, तरी त्याला नेमकं कळलं. मी थक्क होऊन बघत राहिले. वर्गात हजारदा लिहिलेला तो अंश मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसला.

तिसऱ्या दिवशी त्याने दोन अळ्या खाल्ल्या. चौथ्या दिवशी दगडावरची कांडी नीट बसवताना माझा उजवा हात पेटीत पडून होता. तो आला, तळव्याला जीभ लावली, वर चढला आणि निवांत पसरला. पाल माझ्या हातावर! किंचाळावंसंही वाटलं नाही. त्याच्या लेखी मी एक चांगला दगड होते, आणि इतका मोठा मान मला क्वचितच कुणी दिला असेल.

फोन वाजला. डाव्या हाताने उचलला.

"आई, तापमान किती?"

मी तिला सगळं सांगितलं. प्लग, फरशी, रोजचं ते खोटं एकतीस. तिने घाबरत विचारलं, "आत्ता कुठे आहे तो?"

"हातावर झोपलाय," मी म्हटलं. "हळू बोल."