मिशीवाली मावशी

शिमग्यात आमच्या वाडीचं नमन होतं, रात्रभर गाणी, नाच आणि सोंगं. त्यात बायकांची सोंगंही आम्ही बाप्येच घेतो. कैक वर्षं मी मावशी व्हायचो. लुगडं नेसायचो, मिशी मात्र ठेवायचो. लोकांना हसायला तेवढं पुरे.

राधा व्हायचा तो शेजारचाच, माझ्या वयाचा, मुंबईत लिफ्टची दुरुस्ती करणारा. साडी नेसून, काजळ घालून त्याने मान वर केली की माझा श्वास अडकायचा. हे मी कुणाला सांगितलं नाही. मांडवात जाऊन राधेकडे बोट दाखवून म्हणायचो, "हिच्या घरवालीनं गाऱ्हाणं घातलान, देवा म्हाराजा, घरात एक तरी बाप्या दे!"

मांडव हसायचा आणि मी सुटायचो. तो मात्र सुटायचा नाही. पालीच्या बाजारात माणसं त्याला विचारायची, "काय, गावला काय बाप्या?" त्याची बायको नमनाला यायची बंद झाली. मला ठाऊक होतं. तरी दरवर्षी गाऱ्हाणं होतंच.

गेल्या शिमग्यात तोंड रंगवताना तो म्हणाला, "मावशे, यंदा ते गाऱ्हाणं नको. लेकीच्या सासरची माणसं आलीत."

"बरं."

"बरं नको. नाय बोलणार, असं सांग."

"नाय बोलणार."

मग तो नाचला. नखांत ग्रीस बसलेले ते हात. मृदंगावर थाप पडली आणि त्या हातांनी नसलेली घागर अशी उचलली की आतलं पाणी हिंदकळताना मला दिसलं. पुढे बसलेल्या म्हाताऱ्या बायका पान चघळायच्या थांबल्या.

माझी पाळी आली. "मावशे, गाऱ्हाणं होऊन जाऊ दे," कुणीतरी ओरडलं. राधेवर बोलायला दुसरं वाक्य मी कधी जमवलंच नव्हतं. नुसता बघत उभा राहिलो.

"मावशी इसारली!"

तेव्हा राधेने कमरेवर हात ठेवला. "तिला कशाला बोलता? माझ्यावरनं तिचा डोळाच हलत नाय."

मांडव फुटला. व्याही तर डोळे पुसत होते. त्याने मला सांभाळून घेतलं होतं, एवढंच. पण हे एक वाक्य कुणी बोलू नये म्हणून मी इतकी वर्षं त्याला हसत आलो होतो. ते आता साऱ्या गावासमोर बोलून झालं होतं, आणि माणसं आनंदात होती.

"नाय हलत गो," मी म्हटलं.

पुन्हा हशा झाला. राधा हसली नाही. त्याने माझ्याकडे एकदा नीट बघितलं, मग मृदंगवाल्याला खूण केली.