नागपूर गाडीतली दस्ती

भुताखेतांच्या गोष्टी सुरू झाल्या की मी उठून चहा टाकायला जाते. मातीचे नमुने तपासणं हे माझं काम. जे परीक्षानळीत उतरत नाही ते मी मानत नाही... म्हणजे त्या रविवारपर्यंत मानत नव्हते. हसायचं तर खुशाल हसा, पण आधी पूर्ण वाचा.

आम्ही बुलढाणा जिल्ह्यातल्या धाडचे. बाबा भाजीपाला पिकवायचे, पण गावात त्यांचं नाव होतं ते एसटीत जागा धरण्यासाठी! धाडला गाडी मिळते, बसायला जागा मिळत नाही. म्हणून आमच्या घरची रीत अशी — आधी जीपनं उलटं बुलढाण्याला जायचं, जिथून गाडी सुटते तिथं. गाडी फलाटाला लागली रे लागली की लोक खिडकीतून दस्त्या टाकतात. दस्ती म्हणजे रुमाल. ज्याची दस्ती, त्याची जागा. कोणाची वाऱ्यानं उडायची, कोणाची भलत्याच्याच मांडीवर पडायची. बाबा मात्र दस्तीच्या कोपऱ्यात छोटासा कांदा बांधून फेकायचे. वजनानं बरोब्बर सीटवर! एकदा तो कांदा एका गुरुजींच्या टकलावर बसला. ते असे काही भडकले... आणि बाबा म्हणतात कसे, "गुर्जी, आता लागला तं लागला, भाजीत टाका." तेव्हा मी लाजेनं मेले होते. आज तो आवाज एकदा ऐकायला मिळावा म्हणून जीव तुटतो.

बाबा गेले, त्यानंतर दोन वर्षांनी माझं शिक्षण संपलं. दोन ठिकाणांहून बोलावणं आलं. एक संभाजीनगरचं — हेडफोन लावून बियाण्यांच्या तक्रारी ऐकायच्या. काम कंटाळवाणं, पण दर शनिवारी घरी येता आलं असतं. दुसरं नागपूरचं — माती परीक्षणाची लॅब. जे शिकले तेच काम, पण घरापासून अख्ख्या दिवसाचा प्रवास. मी एकुलती एक, घरात आई एकटी. मी संभाजीनगर ठरवून टाकलं.

आई म्हणाली, "काऊन वं, मातीचं शिकली अन् फोन उचलाले जाऊन राह्यली?"

"तुला एकटीला टाकून जाऊ का?"

"मी काय लहान लेकरू हाय?"

"तू गप गं," मी म्हणाले. नागपूरला नकार कळवायची हिंमत मात्र होत नव्हती. त्यांचं पत्र बॅगेत तसंच होतं. दोन्हीकडे सोमवारीच हजर व्हायचं होतं.

रविवारी सकाळी दहाच्या सुमारास आम्ही बुलढाण्याच्या स्टँडवर पोचलो. आई सोडायला आली होती. संभाजीनगरची गाडी लागली आणि अशी झुंबड उडाली की काही विचारू नका. मी ओढणी फेकली, ती खिडकीच्या गजालाच अडकली. कसली बाबांची पोरगी मी! ती ओढून काढतेय तोच मागच्या नागपूर गाडीतून हाक आली.

"ओ पोरी! लाल ब्यागवाली! कवाची हाका मारून राह्यली मी. तुही जागा इकडं हाय नं!"

खिडकीत एक म्हातारी मावशी होती. मी म्हणाले, "मावशी, मला नागपूरला नाही जायचं."

"अवं, तुह्या बापानं जागा धरून ठेवली. आत्ता टाकली दस्ती. मले म्हणे, माह्यी पोरगी येऊन राह्यली, लाल ब्याग हाय, दुसऱ्या कोनाले बसू देऊ नका."

"माझे बाबा नाहीत, मावशी."

"नाहीत कसे? मंग हे काय?" असं म्हणून तिनं खिडकीतून ती बाहेर दाखवली. पांढरी दस्ती, कोपऱ्याला गाठ.

आईनं ती तिच्या हातातून घेतली. कडेला निळ्या दोऱ्याची शिलाई होती, आईच्याच हातची. ही दस्ती बाबा गेल्यापासून घरी पेटीत होती आणि पेटीची किल्ली आईच्या गळ्यात! गाठ सोडली तर आत ओला कांदा, मुळांना माती. आमच्या शेतात बाबांनंतर कांदा लावलाच नव्हता, वाट्यानं शेत करणाऱ्या बटईवाल्यानं सगळं सोयाबीन पेरलं होतं.

मी चारी बाजूंना पाहिलं. स्टँडवर नेहमीची गर्दी होती, चहावाले, शेंगदाणेवाले, पोतीबोती. ओळखीचं कोणी नव्हतं.

आईनं दस्ती गालाला लावली. मग कांदा माझ्या हातात ठेवून माझी बॅग उचलली. "चाल. बस आतमंदी."

"आई, अगं तू एकटी..."

"बस म्हनलं नं!"

असं ती माझ्यावर आयुष्यात कधी ओरडली नव्हती. मी बसले.

नागपुरात मला आता तीन वर्षं झाली. आई अजून धाडलाच आहे, खमकी आहे. मी सगळे तर्क लढवून पाहिले — दुसऱ्या कोणाचा बाप, दुसरी कोणी लाल बॅगवाली... पण शिलाईचं काय करू? कांद्याची माती एका डबीत ठेवली आहे. रोज परक्यांची माती तपासते, तिला हात लावायला मात्र धजत नाही. तुमच्यापैकी कोणाकडे उत्तर असेल तर सांगा.

एवढं एक सांगायचं राहिलं. अकोला मागे पडलं तेव्हा आईचा फोन आला. "पेटी उघडली. त्यायचा चष्मा हाय, धोतर हाय. दस्ती नाही." मग अगदी हळू, लाजल्यासारखं म्हणाली, "त्या बाईले इचारलं काय तू... माह्याबद्दल काही बोलले काय ते?"

मावशी खामगावलाच उतरून गेली होती. तोवर मी तिला तीनदा खोदून खोदून विचारलं होतं. बॅग आणि जागा, याउपर ते एक शब्द बोलले नव्हते.

"हो आई," मी म्हणाले. "म्हणाले, तिले म्हना टायमावर जेवत जाय."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"जेवून राह्यली म्हना," आई म्हणाली. "पुन्हा भेटले तं सांगजो त्यायले."